प्राणवायूचे माप

नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले की सुमारे तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. औद्योगिक वसाहतीमुळे हे नाव आता दूरवर माहीत झाले आहे. तिथल्या एका शाळेत विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही गेलो होतो. कारखान्यांच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांना विचार करायला लावतील अशा चार-सहा वस्तू आम्ही बरोबर नेल्या होत्या. त्यांत पारदर्शक ॲक्रिलिकचा एक डबा होता. त्याला तळ नव्हता. एका बाजूला मान बसेल एवढी अर्धगोल खाच कापलेली होती, दुसऱ्या बाजूला रबरी नळी जोडायची तोटी आणि वर एक गोल भोक.

"हे काय असेल?" असे विचारताच उत्तरे आली. कुणी म्हणाले माशांची पेटी, कुणी म्हणाले हॉटेलात वडे झाकून ठेवायचे झाकण. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "सर, माझ्या भावाच्या डोक्यावर हे होतं. तो आठव्या महिन्यात झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं."

उत्तर अगदी बरोबर होते. तो डबा म्हणजे ऑक्सिजन हुड. काही रुग्णालयांत त्याला हेड बॉक्स असेही म्हणतात. नवजात किंवा लहान मुलाला श्वासाचा त्रास होऊ लागला की हा डबा त्याच्या डोक्यावर ठेवतात आणि नळीने आत प्राणवायू सोडतात. घरची मंडळी हुड आणि उबदार पेटी या दोन्हींना सरसकट 'काचेची पेटी' म्हणतात.

त्या मुलीने लगेच दोन प्रश्न विचारले. पहिला, "डब्याला भोक कशाला ठेवलं? ऑक्सिजन वाया नाही का जाणार?" आणि दुसरा, "बाळाला त्रास होतो आहे, तर मग डबा शुद्ध ऑक्सिजननंच का नाही भरत?" पहिल्याचे उत्तर आम्ही फळ्यावर दोन आकडे मांडून दिले. दुसऱ्याचे उत्तर एका तासात देता येण्याजोगे नव्हते. ते मिळवायला वैद्यकशास्त्राला अनेक दशके लागली आणि त्याची किंमत हजारो बालकांनी मोजली. म्हणून हा लेख.

भोक कशासाठी?

दोन किलो वजनाचे बाळ एका श्वासात चहाचे जेमतेम दोन चमचे हवा आत घेते. मिनिटाला पन्नास श्वास धरले तर मिनिटभरात अर्धा लिटर किंवा थोडी अधिक हवा त्याच्या फुफ्फुसांत जाऊन बाहेर येते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अवघे ०.०४ टक्के असते, तर उच्छ्वासात ते ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरपट असते. बंद डब्यात हा वायू साचत जाईल आणि बाळ स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेऊ लागेल. म्हणून डब्यात येणारा वायू जोराचा हवा आणि त्याला बाहेर पडायला वाटही हवी. मानेभोवतीची फट आणि वरचे भोक ही ती वाट.

प्रवाहाचा ढोबळ नियम असा, की बाळाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला निदान २ ते ३ लिटर वायू डब्यात सोडला पाहिजे. दोन किलोच्या बाळाला हे ४ ते ६ लिटर होतात. श्वासात लागतो अर्धा लिटर आणि सोडायचा पाच लिटर. उरलेला वायू दिसायला वाया जातो, पण तो साफसफाईच्या कामी आलेला असतो. नळी तशीच ठेवून प्राणवायू वाचवण्यासाठी प्रवाह लिटरभरावर आणला, तर डब्यात प्राणवायू असूनही कार्बन डायऑक्साइडमुळे बाळाची अवस्था बिघडू शकते.

शिक्षकांनी येथे चुनकळीच्या निवळीचा नेहमीचा प्रयोग जरूर करावा. एका परीक्षानळीतील निवळीत सायकलच्या पंपाने हवा सोडावी आणि दुसरीत नळीवाटे फुंकावे. दुसरी निवळी किती लवकर दुधाळ होते ते पाहिले, की भोकाची गरज मुलांना वेगळी सांगावी लागत नाही.

एक बारकावा आणखी आहे. प्राणवायू हवेपेक्षा किंचित जड असतो, त्यामुळे डब्याच्या तळाशी त्याचे प्रमाण अधिक आणि वर कमी असू शकते. म्हणून प्रमाण मोजायचे तर मापकाचे टोक बाळाच्या नाकाजवळ ठेवावे लागते. शिवाय वायू कोमट आणि ओलसर हवा. थंड, कोरडा झोत चेहऱ्यावर लागला तर बाळ गारठते आणि अंग गरम ठेवण्यासाठी त्याच्या शरीराला उलट जास्त प्राणवायू लागतो.

शंभर टक्के का नाही?

आता दुसरा प्रश्न. १७७४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याच्या लाल भस्मावर भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून एक वायू मिळवला. त्यात मेणबत्ती झगझगीत जळे आणि उंदीर साध्या हवेपेक्षा जास्त वेळ जगे. प्रीस्टलींनी तो स्वतःही हुंगून पाहिला. हा वायू आजाऱ्यांना उपयोगी पडेल असे त्यांना वाटले. पण लगेच त्यांच्या मनात शंकाही आली, की मेणबत्ती जशी या वायूत लवकर जळून संपते तसे निरोगी माणसाचे आयुष्यही यात लवकर सरणार नाही ना? पुढे १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाबाखालील प्राणवायू प्राण्यांना विषासारखा बाधतो हे प्रयोगांनी दाखवले.

बाळांच्या बाबतीत ही शंका कुणाला आठवली नाही आणि त्याला कारणही होते. कमी दिवसांची बाळे निळी पडत आणि डोळ्यांदेखत जात. पॅरिसमध्ये प्येर ब्यूदँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा बाळांना प्राणवायू द्यावा असे सांगितले. शिकागोत ज्यूलियस हेस यांनी १९३०च्या दशकात उबदार पेटीला प्राणवायूची सोय जोडली. १९४२ साली अमेरिकेत जेम्स विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की भरपूर प्राणवायू दिला तर या बाळांचा अडखळता श्वास नियमित होतो. दिसायला चांगले ते असायलाही चांगले असे सर्वांनी गृहीत धरले. दुसऱ्या महायुद्धानंतर घट्ट झाकणाच्या पारदर्शक पेट्या आल्या. त्यांत प्राणवायूचे प्रमाण ६०-७० टक्के ठेवणे सोपे झाले आणि ते आठवडेच्या आठवडे तसेच ठेवले जाऊ लागले.

आधुनिक रुग्णालयांतील अंधत्व

१९४२ सालीच बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली. अकाली जन्मलेल्या काही बाळांच्या डोळ्यांत भिंगामागे पांढरट पडदा दिसत होता आणि ती आंधळी झाली होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभर सुमारे दहा हजार बालके अशी आंधळी झाली. सुप्रसिद्ध गायक स्टीव्ही वंडर हे १९५० साली अकाली जन्मलेले, त्यांपैकीच एक. यातली चकवणारी गोष्ट ही, की गरीब, जुन्या रुग्णालयांत हा आजार कमी होता आणि सुसज्ज रुग्णालयांत जास्त. जीवनसत्त्वे, लोह, प्रकाश, गाईचे दूध अशा कितीतरी गोष्टींवर संशय घेतला गेला.

१९५१ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कॅम्पबेल यांनी वेगवेगळ्या रुग्णालयांतील नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. जिथे प्राणवायू सढळ हाताने दिला जाई तिथे सुमारे १९ टक्के बाळांना हा विकार झाला होता. जिथे तो जपून दिला जाई तिथे सुमारे ७ टक्क्यांना. पण ही तुलना झाली, प्रयोग नव्हे. रुग्णालये इतर बाबतींतही वेगळी असू शकतात.

प्रयोग केला वॉशिंग्टनच्या तरुण नेत्रतज्ज्ञ आर्नल पॅट्झ यांनी. काही बाळांना नेहमीप्रमाणे भरपूर आणि काहींना गरजेपुरताच प्राणवायू द्यायचा, अशी त्यांची योजना होती. रात्रपाळीच्या काही परिचारिकांना हे पाहवले नाही. कमी प्राणवायूच्या गटातील बाळांवर अन्याय होतो आहे असे वाटून त्या रात्री गुपचूप चावी सोडत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपणही त्या जागी असतो तर कदाचित तेच केले असते. पण १९५२ साली निष्कर्ष आले तेव्हा गंभीर विकार भरपूर प्राणवायूच्या गटातच दिसला.

असे का होते? गर्भात दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या साधारण चौथ्या महिन्यापासून डोळ्याच्या मागच्या बाजूने कडेकडे वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत वाढत राहतात. गर्भाच्या रक्तात प्राणवायू आपल्यापेक्षा खूप कमी असतो आणि ही उणीवच वाहिन्यांना वाढायला प्रवृत्त करते. बाळ दोन-तीन महिने आधी बाहेर आले आणि प्राणवायू भरपूर मिळाला, की वाहिन्यांची वाढ थांबते. पुढे दृष्टिपटल मोठे होते, कडेच्या भागाला रक्त पुरेनासे होते आणि मग वाहिन्या घाईघाईने, वेड्यावाकड्या फुटतात. त्या ओढून दृष्टिपटल जागेवरून सुटते. लंडनमध्ये नॉर्मन ॲश्टन यांनी १९५०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांवर हा क्रम दाखवला. आपले इंद्रिय वाढायला उणिवेची गरज असते ही गोष्ट पेटी भरताना कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

चाळीस टक्क्यांचा नियम

१९५३-५४ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एव्हरेट किन्सी यांच्या समन्वयाने मोठी चाचणी केली आणि पॅट्झ यांच्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब झाले. १९५४ साली ते जाहीर होताच सगळीकडे चाव्या बंद झाल्या. पेटीत ४० टक्क्यांहून अधिक प्राणवायू नको असा दंडक पडला. अंधत्व झपाट्याने उतरले. पॅट्झ आणि किन्सी यांना १९५६ साली लास्कर पुरस्कार मिळाला. ही गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेत सांगायला सुंदर होती.

पण चाचणीत एक खाच राहून गेली होती. जन्मानंतर ४८ तास जगलेल्या बाळांनाच तिच्यात घेतले होते. पहिल्या दोन दिवसांत काय घडते ते मोजलेच गेले नाही आणि श्वासाच्या विकाराने बाळे जातात ती प्रामुख्याने त्याच दोन-तीन दिवसांत. जो नियम दोन दिवसांनंतरच्या बाळांवर तपासला होता, तो पहिल्या तासापासून लागू केला गेला.

१९६० साली अमेरिकेत मेरी एलन ॲव्हरी आणि ओपेनहायमर यांनी बाल्टिमोरमधील नोंदी तपासून श्वासविकाराने होणारे मृत्यू वाढल्याचे दाखवले. १९७३ साली ब्रिटनचे केनेथ क्रॉस यांनी इंग्लंड-वेल्सच्या आकडेवारीवरून अंदाज बांधला, की एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळांचा जीव गेला असावा. हा अंदाजच आहे आणि त्यावर वादही झाले. पण तो निम्मा धरला तरी आकडा भयंकर आहे. आंधळे मूल डोळ्यांसमोर असते, त्याचे आईबाप प्रश्न विचारतात. पहिल्या रात्री गेलेले सातमाशी बाळ 'वाचणारच नव्हते' म्हणून विसरले जाते. मोजमापात एक अपाय दिसला आणि दुसरा दिसला नाही, त्याचे कारण बव्हंशी हेच.

त्या काळात श्वासविकारापुढे वैद्यक किती हतबल होते हे १९६३ साली जगाने पाहिले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, वजन सुमारे २.१ किलो. बॉस्टनमध्ये त्याला दाबाखालील प्राणवायूच्या दालनात ठेवले, तरी दोन दिवसांत तो गेला. कारण ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ सालीच शोधले होते. अशा बाळांच्या फुफ्फुसांत साबणाच्या फेसासारखे काम करणारा एक स्निग्ध द्रव पुरेसा नसतो, म्हणून हवेचे फुगे प्रत्येक उच्छ्वासाला मिटून जातात. मिटलेल्या फुग्याला शंभर टक्के प्राणवायू देऊन काय उपयोग?

इथे आपला डबा पुन्हा कथेत येतो. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी फुगे मिटू नयेत म्हणून श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवण्याची रीत काढली. वीसपैकी सोळा बाळे वाचली. बहुतेकांना श्वासनलिकेतील नळीतून हा दाब दिला होता, पण दोघांना डोक्याभोवती बसवलेल्या प्लॅस्टिकच्या दाबपेटीतून. दिसायला ती हुडचीच बहीण होती.

डब्यातला नव्हे, रक्तातला

चाळीस टक्क्यांच्या नियमातली मूळ चूक आता आपल्या लक्षात येईल. डोळ्याला डब्यातला प्राणवायू कळत नाही, रक्तातला कळतो. फुफ्फुसे निरोगी असलेल्या बाळाला ४० टक्केही जास्त होऊ शकतात. फुफ्फुसे आजारी असलेल्या बाळाला ७० टक्केही अपुरे पडू शकतात. डब्यावरचा एकच आकडा दोघांना लावणे म्हणजे वर्गातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल देणे. पण रक्तातला प्राणवायू मोजायचा कसा? १९५६ साली लेलँड क्लार्क यांनी त्यासाठी विद्युतअग्र प्रसिद्ध केले. ते वापरायला बाळाचे रक्त काढावे लागे आणि किलोभराच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम शंभर मिलिलिटरच्या आत-बाहेर.

१९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी उत्तर शोधले. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन आणि रिकामे हिमोग्लोबिन लाल आणि अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. बोटातून आरपार गेलेल्या प्रकाशाचा जो अंश नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होतो तोच रोहिणीतील रक्ताचा, हे त्यांनी हेरले. त्यातून पल्स ऑक्सिमीटर आला. २०२० नंतर घरोघरी बोटाला लावलेला चिमटा तो हाच. बाळाच्या तळव्याला तो पट्टीने बांधतात.

मोजता येऊ लागल्यावर जुना प्रश्न नेमक्या रूपात पुन्हा उभा राहिला: किती? २००५ नंतर अनेक देशांनी अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सुमारे पाच हजार बाळांवर चाचण्या केल्या. एका गटात रक्तातील संपृक्तता ८५ ते ८९ टक्के, दुसऱ्यात ९१ ते ९५ टक्के ठेवायची होती. खालच्या गटात डोळ्यांचा गंभीर विकार कमी झाला, पण मृत्यू अधिक झाले. म्हणजे १९५४ चीच तडजोड, मात्र या वेळी दोन्ही पारडी मोजलेली होती. प्राणवायूवर असलेल्या अकाली बाळाची संपृक्तता साधारण ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवावी, त्याहून वर जाऊ देऊ नये, ही आजची रीत त्यातून आली आहे.

यात भारतीय संशोधकांचाही वाटा आहे. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला शंभर टक्के प्राणवायूच द्यायचा अशी पद्धत होती. १९९३ साली दिल्लीचे सिद्धार्थ रामजी यांनी नॉर्वेच्या ओला सॉगस्टाड यांच्यासह ८४ बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा साध्या हवेनेही काम तितकेच भागते असे दिसले. मोठ्या चाचण्यांनी ते उचलून धरले. २०१० पासून आंतरराष्ट्रीय सूचनाही पूर्ण दिवसांच्या बाळाला आधी साधी हवा द्या असे सांगतात.

आठ लिटरांचे गणित

मिश्रणाचे गणित आठवीच्या मुलांनाही जमेल. हुडमध्ये मिनिटाला एकूण ८ लिटर वायू सोडायचा आहे असे समजा. हवेत २१ टक्के प्राणवायू धरू. ३ लिटर प्राणवायू आणि ५ लिटर हवा घेतली तर (३ × १०० + ५ × २१) ÷ ८ = सुमारे ५१ टक्के. २ आणि ६ घेतले तर ४१, १ आणि ७ घेतले तर ३१. म्हणजे आठ लिटरांत हवेच्या जागी एकेक लिटर प्राणवायू घातला, की प्रमाण सुमारे दहाने वाढते. मिश्रण करण्याची सोय नसलेल्या ठिकाणी निव्वळ प्राणवायूच सोडला जातो, हा आजही खरा धोका आहे.

दुसरे गणित सिलिंडरचे. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. हुडला मिनिटाला ५ लिटर दिले तर तो १,४०० मिनिटे, म्हणजे एक दिवसही पुरत नाही. तेच नाकाशी ठेवलेल्या बारीक नळ्यांतून मिनिटाला १ लिटर दिला तर जवळजवळ पाच दिवस पुरतो. शिवाय हुड असला की दूध पाजताना तो काढावा लागतो, नळ्या तशाच राहू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ आणि २०१६ च्या पुस्तिकांत साधने तुटपुंजी असलेल्या ठिकाणी नळ्यांनाच पसंती दिली आहे. हुडचा गुण एवढाच, की त्यातले प्रमाण मापकाने नेमके मोजता येते. न मोजता वापरला तर तो गुणही उरत नाही.

प्राणवायू किती मोलाचा हे २०२१च्या एप्रिलमध्ये या भागाने पाहिले. विशाखापट्टणमहून द्रवरूप प्राणवायूचे टँकर घेऊन आलेली रेल्वेची पहिली 'ऑक्सिजन एक्सप्रेस' २३ एप्रिलला नागपूरला पोचली. तीन टँकर तिथे उतरले आणि बाकीचे नाशिककडे गेले. त्या लोहमार्गावर नागपूर सोडल्यावर काही वेळाने लागणारे एक स्टेशन म्हणजे बुटीबोरी.

हुडमधून बाहेर पडलेला प्राणवायू खोलीत मिसळतो, ही गोष्टही विसरून चालणार नाही. प्राणवायू स्वतः जळत नाही, पण जळणे फार वाढवतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नागपूरजवळच्या भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात आग लागून १० बाळे दगावली आणि ७ वाचवता आली. आगीचे मूळ विजेच्या बिघाडात असल्याचे चौकशीत पुढे आले. जिथे प्राणवायू सुरू असतो तिथे वायुवीजन, विजेची जोडणी आणि रात्रीचे लक्ष या तिन्हींना उपचाराइतकेच महत्त्व का द्यायचे, हे त्या घटनेनंतर कुणाला वेगळे सांगावे लागू नये.

आणि मोजमापाला नेहमी महागडे यंत्रच लागते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील अल्पशिक्षित आरोग्यसेविकांसाठी श्वास मोजण्याचे साधे साधन बनवले: एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ झाले की धोका समजायचा. कुणाला मदत हवी हे वेळेवर कळणे ही प्राणवायूच्या आधीची पायरी आहे. या संस्थेच्या घरोघरच्या नवजात-सेवेने बालमृत्यू किती कमी होतात हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसाव्या दिवसाच्या आत

आता हा लेख शिक्षकांसाठी का लिहिला ते सांगतो. श्रीमंत देशांत सत्तर वर्षांपूर्वी जी अंधत्वाची लाट येऊन गेली, ती आज आपल्यासारख्या देशांत पुन्हा डोके वर काढत आहे. कारण चांगलेच आहे: जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात कक्ष झाले आणि पूर्वी न वाचणारी बाळे वाचू लागली. पण प्राणवायू सगळीकडे पोचला, त्याचे माप सगळीकडे पोचले नाही. आपल्याकडे तर बत्तीस-तेहेतीस आठवड्यांच्या, थोड्या मोठ्या बाळांतही हा विकार दिसतो.

हा विकार वेळेत सापडला तर लेसरने किंवा औषधाने दृष्टी वाचवता येते. उशीर झाला तर काहीच हाती राहत नाही आणि बाहेरून डोळे पाहून आईला काही कळत नाही. म्हणून भारतातील सूचना अशी आहे: जे बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले किंवा ज्याचे वजन २ किलोपेक्षा कमी होते, त्याचे दृष्टिपटल जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासले पाहिजे. फारच लहान बाळांचे त्याहूनही आधी, दोन-तीन आठवड्यांत. तामिळनाडूतील एका सरकारी रुग्णालयात १९९६ साली जन्मलेल्या अशाच बाळाला घरी पाठवताना ही तपासणी सांगितली गेली नाही. ते बाळ आंधळे झाले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. पैसे मिळाले, दृष्टी मिळाली नाही.

त्या दिवशी बुटीबोरीच्या शाळेतून निघताना आम्ही त्या मुलीला विचारले, "भावाचे डोळे तपासले होते का?" ती म्हणाली, "हो, दवाखान्यातल्या बाईंनी तारीख लिहून दिली होती. आई कामावर रजा टाकून गेली होती." आम्हाला हायसे वाटले. त्या चिठ्ठीवरची तारीख कुणीतरी लक्षात ठेवून लिहिली होती आणि एका आईने दिवसाचा पगार बुडवून ती पाळली होती.

आपल्या वर्गातल्या कुणाच्या तरी घरी असे बाळ आज ना उद्या येईल. आपल्याकडे पाचवी पुजायचे कुणी विसरत नाही, बाराव्या दिवशीचे बारसेही ठरलेले असते. कमी दिवसांच्या बाळासाठी त्या यादीत आणखी एक दिवस घालायला मुलांना सांगावे: तिसाव्याच्या आत डोळे. घरी जाऊन ती हे सांगतात, हा आमचा अनुभव आहे.